कोऱ्या लघवीचा शोध

प्रयोगशाळेत तिला सगळे अचूकताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे अचूकताई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिच्या हातून कधी चूकच होत नसे असं नाही. पण झालीच तर ती कितव्या दशांश स्थळावर झाली, हे ती सांगू शके.

तिचं काम होतं माणसांच्या लघवीत कीटकनाशकांचे अंश शोधायचं. लग्न ठरलं तेव्हा हे सासरच्यांना सांगायचं कसं, या काळजीने तिची आई अर्धी झाली होती. शेवटी "मुलगी रसायनात आहे" एवढ्यावर तिने भागवलं. पण होणारे सासरे निवृत्त पोस्टमास्तर. अर्धवट पत्ता त्यांना चालत नसे. त्यांनी खोदून विचारलं, "रसायनात म्हणजे साबण, की रंग?" तेव्हा मुलीनेच सांगून टाकलं, "लघवी."

सगळ्यांचे चहाचे कप हवेतल्या हवेत थांबले. मग पोस्टमास्तर म्हणाले, "चांगलं आहे. कच्च्या मालाची टंचाई नाही."

पण टंचाई पडली. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पडली, आणि अशी पडली की घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

झालं असं. लघवी तपासणारं यंत्र कितीही महागडं असो, त्याला आधी शून्य म्हणजे काय ते दाखवावं लागतं. त्यासाठी लागते कोरी लघवी. खऱ्या माणसाची, पण जिच्यात कीटकनाशकाचा मागमूस नाही अशी. तिच्यात मोजूनमापून फवारणीचं औषध मिसळायचं, यंत्राला पाजायचं आणि 'एवढ्याला एवढं म्हणायचं' असं शिकवायचं. मूळच्या लघवीतच आधी औषध असेल, तर सगळं मुसळ केरात. पारड्यावर अंगठा ठेवून तोलल्यासारखं ते. बाजारात नकली लघवी मिळते, पाण्यात क्षार घालून केलेली. पण ती फार सभ्य. खऱ्या लघवीत हजार भानगडी असतात, त्या यंत्राला गोंधळात पाडतात, आणि यंत्राला त्या गोंधळाची सवय असावी लागते.

इतकी वर्षं ही कोरी लघवी प्रयोगशाळेचा पहारेकरी पुरवत होता. तो गावाबाहेर राही आणि स्वतःच्या परसातलं खाई. फवारणीचा पंप त्याने कधीकाळी भावाला दिला होता, तो भावाने परत केला नव्हता. त्या भावाचे विज्ञानावर फार उपकार होते. पुढे पहारेकरी मुलीकडे राहायला गेला. जाताना आठवण म्हणून सहा बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवून गेला. एके दिवशी साहेबांना मदत करायची हुक्की आली. "जागा किती अडते!" म्हणून त्यांनी सहा बाटल्यांच्या तीन केल्या, काठोकाठ भरून. गोठलेलं पाणी फुगतं, हे साहेबांना कोण शिकवणार? तिन्ही तडकल्या. सकाळी फ्रीजरच्या तळाशी पिवळं बर्फ आणि काचा. साहेब म्हणाले, "बाटल्यांचा दर्जा घसरलाय."

आणि तपासणी अठरा दिवसांवर आलेली. बाहेरून तपासनीस बाई येणार, एकेक वही उघडणार, आणि कोरा नमुना नसेल तर प्रयोगशाळेचा परवाना काढून घेणार. ही बाई हसत नाही, अशी तिची ख्याती होती.

अचूकताईंनी कंबर कसली. प्रयोगशाळेतल्या चौदाच्या चौदा जणांना बाटल्या वाटल्या. सकाळची पहिली लघवी, बाटलीवरच्या रेघेपर्यंत, झाकण घट्ट. साहेबांनी बाटली घेताना छाती पुढे काढली. "माझीच निघणार बघा. मी फळं तीन वेळा मिठाच्या पाण्यात धुतो. द्राक्षं तर एकेक."

दोन दिवसांनी निकाल आला. कागदावर जिथे सपाट रेघ हवी होती, तिथे डोंगर उभे होते. कोणाची टेकडी, कोणाचा कडा. सगळ्यांत उंच शिखर साहेबांचं.

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. "यंत्र पुसून घ्या एकदा," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी त्यांनी डब्यातली द्राक्षं शिपायाला दिली. शिपायाने निकाल वाचला होता. त्याने ती खिडकीत ठेवली. मुंग्याही त्यांच्याकडे फिरकल्या नाहीत, असं तो नंतर सांगत असे, पण त्याचं सगळंच खरं धरायचं नसतं.

घरी जेवताना अचूकताईंनी विषय काढला.

घर चौघांचं. नवरा भूगोलाचा शिक्षक, आणि घरातल्या युद्धांत तो तटस्थ राष्ट्र. युद्ध एकच होतं आणि ते चाळीस वर्षं चाललं होतं: सासूबाई भाजी वाढत, पोस्टमास्तर ती खात नसत. ते ती ताटाच्या कडेला सारत, घेवड्याची एकेक शेंग ओळीत लावून, वाटपाच्या पत्रांसारखी. त्यांचं खरं प्रेम अंड्यांवर आणि पावावर.

"कोरी लघवी म्हणजे असते कशी?" त्यांनी विचारलं.

"दिसायला नेहमीसारखीच, बाबा. त्याचं असं आहे, की विष आत गेलं की शरीर त्याला तसंच बाहेर सोडत नाही. साखरेच्या कागदात गुंडाळतं, गाठ मारतं आणि मग बाहेर पाठवतं."

पोस्टमास्तरांचा घास थांबला. "पार्सल?"

"पार्सलच. आम्हाला ते आधी फोडावं लागतं. त्यासाठी गोगलगाईच्या पोटातला रस घालायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचं. गाठ सुटते. मग भुकटी भरलेल्या बारीक नळीतून सगळं गाळायचं. घाण निघून जाते, विष नळीत अडकतं. ते धुऊन काढायचं, वाळवायचं आणि यंत्राला द्यायचं. यंत्र प्रत्येक कणाचं वजन करतं आणि सांगतं, हा कुठला."

"वजन करून वर्गवारी!" पोस्टमास्तरांचे डोळे भरून यायचेच बाकी होते. "आणि लोक म्हणतात पोस्टाचे दिवस गेले. आण, माझी बाटली आण."

"आई, तुम्ही पण द्याल?"

"मला नाही बाई असलं जमत," सासूबाई म्हणाल्या आणि कोबी वाढायला उठल्या.

दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी अचूकताईंच्या पर्सशेजारी एक पार्सल ठेवलेलं होतं. खाकी कागद, चारही बाजूंनी सुतळी, गाठीवर लाख, आणि वर सुवाच्य अक्षरात 'नाजूक माल. ही बाजू वर'. आत बाटली, रेघेपर्यंत भरलेली. एक थेंब इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही.

बुधवारी निकाल आला. यंत्रासमोर अचूकताई आणि तिचा सहकारी भिंगवाला, दोघं उभे होते. भिंगवाल्याच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या की तो आश्चर्याने बघतोय की नुसताच बघतोय, ते कळत नसे. या वेळी कळलं.

"ताई, हे बघा. काहीच नाही."

खरंच काही नव्हतं. पडद्यावर सपाट माळरान.

"रंग जरा फिका होता ना?" भिंगवाला म्हणाला.

"पाणी भरपूर पितात ते," अचूकताई म्हणाल्या.

आता खरं म्हणजे इथे थांबायला हवं होतं. लघवी दाट आहे की पातळ, हे पाहण्यासाठी तिच्यातलं क्रिएटिनिन मोजतात. स्नायूंच्या झिजेतून निघणारं ते द्रव्य रोज साधारण सारखंच उतरतं. ते फारच कमी दिसलं, तर नमुन्यात पाणी जास्त. ते मोजल्याशिवाय निकाल तोंडातून काढायचा नाही, हा नियम अचूकताईंनी स्वतः लिहून भिंतीवर चिकटवला होता. पण ते मोजायच्या यंत्राचा दिवा गेला होता आणि दुरुस्तीवाला पुढच्या मंगळवारी येणार होता. तपासणी मात्र त्याच्या पुढच्या सोमवारी, दारात येऊन ठेपलेली.

ती साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "साहेब, सापडली."

आयुष्यात पहिल्यांदा तिने नियम मोडला, आणि घरी जाताना बसमध्ये तिला चक्क गाणं सुचत होतं.

घरात मात्र त्या गाण्याचं रणगीत झालं. पोस्टमास्तरांनी बातमी उभ्याने ऐकली, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले.

"म्हणजे चौदा शिकल्यासवरल्या माणसांत नाही ते माझ्यात आहे?"

"तुमच्यात काहीच नाही बाबा, म्हणून तर."

"तेच म्हणतोय." ते सासूबाईंकडे वळले. "ऐकलंस? चाळीस वर्षं माझ्यामागे लागलीस. खा पालक, खा कोबी, खा घेवडा. विष चारत होतीस! मी खाल्लं नाही म्हणून वाचलो. हे मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतंय."

"बाबा, विज्ञान असं काही..." अचूकताईंनी तोंड उघडलं.

"थांब गं, मला ऐकू दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. तटस्थ राष्ट्राने आपलं ताट उचललं आणि ते बाल्कनीत गेलं.

"विष," सासूबाईंनी शब्द तोलून पाहिला. "मी."

"तू म्हणजे तुझा कोबी," पोस्टमास्तरांनी दुरुस्ती केली. पण तीर सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पिशवी भरली, ओट्यावर अंड्यांचा ट्रे आणि पावाचा पुडा ठेवला आणि धाकट्या बहिणीकडे निघून गेल्या. जाताना सुनेला एवढंच म्हणाल्या, "शुद्ध माणसाला सांभाळ."

शुद्ध माणूस पहिले दोन दिवस राजासारखा राहिला. सकाळी पाव-जॅम, दुपारी पाव आणि अंडी, संध्याकाळी जॅमची बाटली आणि चमचा. जिन्यात कोणी भेटलं की थांबवून सांगायचं. तळमजल्यावरच्या शिंप्याने भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे तुमची औषधी आहे का?" त्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "अजून तसा शोध लागलेला नाही," आणि 'अजून'वर जरा जोर दिला. शिंपी दोन पावलं मागे सरकला. प्रयोगशाळेत साहेबांनी वरच्या कार्यालयाला पत्र धाडलं: 'अथक परिश्रमांनंतर कोरा दाता हस्तगत झाला आहे.'

तिसऱ्या दिवसापासून मात्र पोस्टमास्तर दाराकडे बघायला लागले. बेल वाजली की आधी उठायचे आणि दूधवाला दिसला की बसायचे.

मंगळवारी दिवा बसला. भिंगवाल्याने सगळ्या नमुन्यांचं क्रिएटिनिन मोजलं आणि कागद घेऊन अचूकताईंच्या टेबलाशी येऊन नुसता उभा राहिला.

"बोल ना."

"ताई, तुमच्या सासऱ्यांची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. का?"

"मग ही लघवी नाही. म्हणजे आहे, पण... नळाच्या पाण्याला लघवी नुसती दाखवून आणलेली आहे."

अचूकताईंनी आकडा पाहिला. जिवंत माणसाचा असतो त्याचा दहावा हिस्सा. तिने मान वर केली तर समोर भिंत, भिंतीवर तिच्याच अक्षरातला नियम. कानापर्यंत लाल होणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं.

त्या संध्याकाळी पोस्टमास्तर पावाला जॅम लावत बसले होते.

"बाबा, त्या बाटलीत काय होतं?"

"काय असणार? मागितलंस ते."

"सगळं तेच?"

सुरी पावावर थांबली. "मुख्यत्वे."

"बाबा!"

"हे बघ," पोस्टमास्तरांनी सुरी खाली ठेवली, "तू बाटलीवर रेघ मारली होतीस. रेघेपर्यंत भरा म्हणालीस. म्हातारा माणूस मी. रात्रीत तीनदा उठतो, सकाळी शिल्लक काय राहणार? तळ जेमतेम ओला झाला. आता चाळीस वर्षांत कमी भरलेलं पार्सल मी पुढे जाऊ दिलं नाही, ते काय घरच्या माणसाला देऊ?"

"म्हणून पाणी घातलंत?"

"उकळून गार केलेलं," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "आणि बिघडलं काय? तेच पाणी मी प्यायलो असतो, तर तासाभराने तिथेच आलं असतं. मी फक्त मधलं ऑफिस वगळलं."

अचूकताईंना रडू येत होतं, पण ते वाटेत हसूच झालं. ती खुर्चीत बसली आणि इतकी हसली की पोस्टमास्तर आधी ओशाळले, मग घाबरले, मग स्वतःच खुसखुसू लागले. हसणं ओसरल्यावर तिने त्यांच्यासमोर नवी बाटली ठेवली. "आता जेवढी होईल तेवढी द्या. रेघेकडे बघू नका."

गुरुवारी त्या तळ ओला करणाऱ्या नमुन्याचा निकाल आला. माळरान कुठलं, पर्वतरांग होती. आठवडाभराच्या जॅममधल्या फळांवर जे जे फवारलं गेलं असेल, ते सगळं हजेरीला. साहेबांचं शिखर त्यापुढे वारूळ वाटावं.

साहेबांना सांगणं भाग होतं. ऐकून साहेब आधी पांढरे पडले, कारण वरच्या कार्यालयाचं अभिनंदनाचं उत्तर टेबलावरच पडलं होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "माझ्यापेक्षा जास्त निघालं म्हणता?"

"दुप्पट, साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाले, पण चेहऱ्यावर थोडा रंग परत आला होता.

तपासणीला चार दिवस. दाता हातात नाही, नमुना हातात नाही, आणि घरात सासूबाई नाहीत. यातलं एकच काम आपल्या हातात आहे, असं वाटून अचूकताईंनी त्याच संध्याकाळी मावशींच्या घरची बस पकडली. चूक तिची होती. तिने घाई केली नसती, तर कोणी कोणाला विष म्हटलं नसतं.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. तिने आळसाची अशी काही साधना केली होती, की त्याला नाव ठेवायची छाती होत नसे. दार उघडायला उठावं लागू नये म्हणून ती ते उघडंच ठेवी. तिच्या गच्चीवर भोपळ्याचा वेल होता. तो तिने लावलेला नव्हता. कधी तरी बी फेकली होती, ती बादलीत पडली होती आणि उगवली होती.

सासूबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. पुढ्यात भोपळा.

"आलीस? बस. शुद्ध माणूस बरा आहे?"

अचूकताईंनी सगळं सांगितलं. दिवा, रेघ, उकळून गार केलेलं पाणी, पर्वतरांग. "आई, चुकलं माझं. मोजल्याशिवाय बोलले. तुमच्या कोबीला नाहक बोल लागला."

सासूबाईंनी सुरी ठेवली. त्यांचे खांदे हलू लागले. सूनबाईला वाटलं, रडताहेत. पण त्या वळल्या तेव्हा डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. "चाळीस वर्षं माझ्या सुपाला पातळ म्हणत होता हा माणूस!"

आतल्या खोलीतून, पलंगावरूनच, मावशीही हसली.

मग जेवायला बसल्या. उकडलेला भोपळा, तळलेला भोपळा, भोपळ्याचं सूप आणि वर खारवलेल्या बिया.

"रोज हेच?" अचूकताईंनी विचारलं.

"आठ दिवस हेच," सासूबाई म्हणाल्या. "हिला बाजारात जायला नको. गच्चीवरून मीच आणते, म्हणून निदान एवढं तरी मिळतं. बाकी शेजारणीची अंडी आणि दूध."

"मावशी, वेलाला काय फवारता?"

"फवारायचं?" पलंगावरून आवाज आला. "त्यासाठी दोन जिने चढावे लागतात. मी पाणी घालत नाही तिथे औषध कुठलं घालतेय!"

अचूकताईंचा चमचा हवेत राहिला. आठ दिवस. शरीर तर दोन-तीन दिवसांतच सगळं बाहेर टाकतं. ती सासूबाईंकडे अशा नजरेने बघू लागली, की त्यांनी पदर सारखा केला.

"काय गं?"

"आई, एक मागू? रागावणार नाही ना?"

सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी ताठ होऊन सुनेकडे पाहिलं. "माझी? आता? ते कोरे कोरे म्हणवणारे संपले तेव्हा माझी आठवण?"

"तुम्हीच नाही म्हणाला होतात..."

"तेव्हा नाही म्हणाले, आता हो म्हणते. पण एका अटीवर. बाटली न्यायला त्यांनी यायचं. स्वतः. बसने. आणि आत येऊन इथे खुर्चीवर बसायचं आणि काय केलं ते मला सांगायचं. तुझ्याकडून ऐकलंय, पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मग त्यांनी सुनेच्या पर्समधला संमतीचा अर्ज मागून घेतला आणि शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचला. 'दात्याची ओळख गुप्त ठेवली जाईल' या ओळीवर त्या थबकल्या. "ही ओळ खोडता येईल का?"

शुक्रवारी सकाळी पोस्टमास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. मावशीचं दार उघडंच होतं, तरी त्यांनी वाजवलं. खुर्चीवर बसले. सासूबाई समोर.

"मी पाणी घातलं," ते म्हणाले.

"किती?"

"नऊ भाग."

"आणि मला काय म्हणालात?"

पोस्टमास्तरांनी पायांकडे पाहिलं. "घरात पाव शिळा लागतो," ते म्हणाले. "अंडी उकडतो, ती फुटतात. आणि ताटाच्या कडेला काही नसलं की ताट कसं बिनतिकिटाचं पाकीट वाटतं. चल ना घरी."

सासूबाईंनी ताट मांडलं. मग म्हणाल्या, "आधी जेवा." आणि त्यांनी भोपळा वाढला. पोस्टमास्तरांनी तो पाहिला आणि खाल्ला. कडेला काहीही न सारता. मावशी हे बघायला चक्क उठून दारापर्यंत आली होती.

बाटली पूर्ण भरलेली होती. बसमध्ये सासूबाईंच्या शेजारी बसून पोस्टमास्तरांनी ते पार्सल दोन्ही हातांनी मांडीवर धरलं होतं. कंडक्टरने कौतुकाने विचारलं, "आजोबा, एवढं जपून काय? मध का?"

"नाही," पोस्टमास्तर अभिमानाने म्हणाले. "घरचं आहे."

या वेळी अचूकताईंनी क्रिएटिनिन आधी मोजलं. दोनदा. दाट, रसरशीत, जिवंत माणसाची लघवी. मग गोगलगाईचा रस, ऊब, नळी, वाळवण, सगळं रीतसर. शनिवारी दुपारी यंत्राने पडद्यावर रेघ ओढायला घेतली. अचूकताई, भिंगवाला, साहेब आणि शिपाई, चौघं श्वास रोखून उभे. रेघ निघाली ती सरळ. जिथे डोंगर यायचा तिथेही सरळ. पुढेही सरळ.

"भोपळा!" भिंगवाला ओरडला. "ताई, भोपळा मिळाला!"

शाळेत भोपळा मिळाला म्हणून आयुष्यभर रडलेल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी तपासनीस बाई आल्या. वह्या उघडल्या, तराजू पाहिले, फ्रीजरमध्ये डोकावल्या. मग कोऱ्या नमुन्यांची वही हातात घेतली आणि एका पानावर थांबल्या. साहेबांनी रुमाल काढला.

"हे काय लिहिलंय?" बाईंनी वाचलं, "'नमुना क्रमांक पंधरा बाद. दात्याने उकळून गार केलेले पाणी मिसळले. क्रिएटिनिन न मोजता निकाल सांगितला, ही माझी चूक.' हे अक्षर कोणाचं?"

"माझं," अचूकताई म्हणाल्या.

"लिहिलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा वहीकडे. "उकळून का घातलं पण?"

"शुद्ध असावं म्हणून."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग तपासनीस बाईंच्या नाकातून एक बारीक आवाज आला. साहेबांना वाटलं शिंक. पण ते हसू होतं, आणि एकदा बाहेर पडल्यावर ते आवरेना. बाईंनी वही तोंडावर धरली. परवान्यावर सही करतानाही त्या हसतच होत्या, आणि सही थोडी वाकडी आली.

निघताना त्यांनी अचूकताईंना बाजूला घेतलं. "तो भोपळा कुठे मिळतो?"

ही बातमी काही लपून राहिली नाही. पुढच्या रविवारी मावशीच्या उघड्या दारात रांग लागली. पुढे साहेब, हातात दोन पिशव्या. त्यांच्यामागे भिंगवाला, शिपाई, शिंपी आणि शेवटी सासूबाईंची भाजीची पिशवी धरून पोस्टमास्तर. सगळ्यांना भोपळा हवा होता. साहेबांना तर आठ दिवस इथेच जेवायला राहायचं होतं.

"मी काय खानावळ उघडलीय?" मावशी पलंगावरूनच म्हणाली. तिने उशीखालून गच्चीची किल्ली काढली आणि साहेबांच्या दिशेने फेकली. "दोन जिने चढा, हवे तेवढे तोडा. आणि चढताच आहात तर वेलाला बादलीभर पाणी घाला. बिचाऱ्याला सवय नाही, हळू घाला."

साहेबांनी कोट काढला, बादली उचलली आणि जिना चढू लागले.